मायना आणि मान

नगरहून पुण्याच्या वाटेला लागलें कीं, शहराची वस्ती सरतां सरतां केडगांव लागतें. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनाचें केडगांव तें निराळें. तें पुणें जिल्ह्यांत दौंडच्या बाजूला आहे. हें केडगांव रेणुकामातेचें. नवरात्रांत येथें यात्रा भरते. एरवीं तें नगर शहराचेंच एक अंग होऊन राहिलें आहे. याच रस्त्यानें चास, कामरगांव मागें टाकीत पुढें गेलें म्हणजे पारनेर तालुक्यांतील सुपा येतें. तेथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे, आणि भारत व जपान या दोन देशांनीं जपानी उद्योगांसाठीं ज्या वसाहती मुक्रर केल्या, त्यांच्या यादींत राजस्थानांतील नीमराणा व आंध्र प्रदेशांतील श्रीसिटी यांच्याबरोबर सुपा हेंहि नांव आहे. त्यामुळें ज्या मुलखांत एके काळीं फारसी मायन्याचीं पत्रें घेऊन जासूद धांवत, त्याच मुलखांतील तरुणासमोर आज जपानी आदरभाषेचा प्रश्न उभा राहूं शकतो.

जपानी शिकणाराच्या हातीं बहुधा 'मिन्ना नो निहोंगो' हें पाठ्यपुस्तक असतें. त्याच्या प्राथमिक भागाचे धडे ५०. त्यांतील ४९ वा धडा दुसऱ्याच्या क्रियेला मोठेपण देणाऱ्या क्रियापदांचा, आणि ५० वा स्वतःच्या क्रियेला लहानपण देणाऱ्या क्रियापदांचा. म्हणजे भाषेचा बाकीचा सारा संसार मांडून झाल्यावर अगदीं शेवटीं हें प्रकरण येतें. आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशीं तें सर्वांआधीं लागतें. हें सारें शिकावयाचें तें कशासाठीं? ही खुशामतीची भाषा आहे कीं कामाची शिस्त? आणि मराठी माणसाला हें अगदींच नवें आहे काय? या प्रश्नांचें उत्तर जपानी पुस्तकांत जितकें आहे, तितकेंच मराठी दफ्तरांतहि आहे.

प्रथम जपानी रीत. त्या भाषेंत आदर हा वाक्यावर वरून घातलेला दागिना नव्हे. तो क्रियापदाच्या हाडामांसांत आहे. बरोबरीचा मित्र येतो तेव्हां 'कुरु', साहेब येतात तेव्हां 'इराश्शारु', आणि बोलणारा स्वतः येतो तेव्हां 'माइरु'. साहेबांच्या बोलण्याला 'ओश्शारु', स्वतःच्या बोलण्याला 'मोउसु'. साहेबांचें जेवणें तें 'मेशिआगारु', स्वतःचें जेवणें तें 'इतादाकु'. मोठेपण देणाऱ्या रूपांना 'सोंकेइगो' म्हणजे सन्मानभाषा म्हणतात, लहानपण घेणाऱ्या रूपांना 'केंजोगो' म्हणजे विनयभाषा म्हणतात, आणि ऐकणाराचा मान राखण्यासाठीं वाक्याच्या शेवटीं 'देसु' किंवा 'मासु' आणून बोलण्याला 'तेइनेइगो' म्हणजे सौजन्यभाषा म्हणतात. या सर्वांचें मिळून नांव 'केइगो'. यांतली खुबी अशी कीं, जपानी वाक्यांत 'मी' आणि 'तुम्ही' हे शब्द गाळले तरी अडत नाहीं. कोणाची क्रिया चालली आहे तें मानावरूनच उमगतें.

मराठीची रीत याहून निराळी, पण परकी नव्हे. तूं, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर आहेत. एकट्या माणसाविषयीं 'साहेब आले' असें म्हणण्याला व्याकरणकारांनीं आदरार्थी बहुवचन हें नांव दिलें आहे. 'बस' याहून वर 'बसा', आणि त्याहूनहि वर 'बसावें'. नांवामागून राव, पंत, जी, साहेब, बाई, ताई. एकच नांव घेतलें तरी राम्या, रामा, रामजी, रामराव आणि रामचंद्रपंत अशी त्याची चढण लागते; नांव उच्चारतांच तो माणूस लोडाशीं बसणार कीं उंबऱ्याबाहेर उभा राहणार, तें ऐकणाराला पूर्वीं कळत असे. फरक एवढाच कीं, स्वतःच्या क्रियेला लहानपण देणारीं वेगळीं क्रियापदें आजच्या मराठी बोलण्यांत जवळजवळ उरलीं नाहींत. एके काळीं लिहिण्यांत तीं होतीं, हें पुढें दिसेल.

दुसरा एक फरक अधिक खोल आहे. कचेरींत बाहेरून दूरध्वनि येतो आणि कोणी तानाका नांवाच्या व्यवस्थापकाची चौकशी करतो. मराठी कारकून सहज म्हणेल, 'साहेब जागेवर नाहींत.' जपानी कारकुनाला असें म्हणतां येत नाहीं. तो म्हणतो, 'तानाका वा तदाइमा सेकी ओ हाझुशिते ओरिमासु', म्हणजे 'तानाका या घडीला जागेवर नाहीं.' नांवापुढचा 'सान' हा आदराचा प्रत्यय गेला, आणि क्रियापदहि विनयाचें आलें. तोच कारकून पांच मिनिटांनीं तानाकांशीं बोलतांना पुन्हा पूर्ण मानानें बोलेल. कारण बाहेरच्या माणसासमोर साहेब आणि कारकून एका घरचे झाले, आणि घरच्या मोठ्याचा मोठेपणा घरच्यांनींच बाहेर मिरवावयाचा नसतो. या आंतल्याला 'उची' आणि बाहेरल्याला 'सोतो' म्हणतात. शेजारच्या कोरियांत जुनी रीत मराठीसारखी आहे. तेथें आपला वरिष्ठ परक्यासमोरहि वरिष्ठच राहतो. थोडक्यांत, मराठींत मान माणसाला चिकटतो. जपानींत तो उंबरठ्यावर ठरतो.

मान माणसाला कसा चिकटत गेला, ही हकीकत नगरपासून सांगणें सोयीचें आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानें हें शहर वसविलें, आणि १६३६ पर्यंत निजामशाही तगली. 'पेशवा' हें पद पुढें पुण्याशीं कायमचें जोडलें गेलें खरें, पण त्याआधीं तें या दरबारांत प्रधानाचें पद होतें. दरबारची भाषा फारसी; गांवगाड्याचें आणि महसुलाचें लिहिणें मराठी, मोडी अक्षरांत. हे दोन प्रवाह मिळाले ते पत्राच्या पहिल्या ओळींत. कोणाकडून तें 'अज' या शब्दानें, कोणाकडे तें 'बजानिब' या शब्दानें, आणि मध्यें पदानुसार विशेषणें. या पहिल्या ओळीला 'मायना' म्हणत, आणि तो शब्दहि अरबी-फारशींतूनच आला. पाटील-कुळकर्ण्याला मजकूर समजो न समजो, मायना पाहून पत्र किती वजनाचें आहे तें समजे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं निरनिराळ्या काळच्या तीन मराठी कागदांतील शब्द मोजून दाखविले आहेत. १६२८ च्या कागदांत मराठी शब्दांचें प्रमाण शेंकडा १४.४, १६७७ च्या कागदांत शेंकडा ६२.७, आणि १७२८ च्या कागदांत शेंकडा ९३.७. तीन कागदांवरून साऱ्या भाषेचा निवाडा करतां येत नाहीं. पण ओघ कोणत्या दिशेला होता तें त्यावरून दिसतें. हा ओघ आपोआप वळला नाहीं. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनीं अष्टप्रधानांच्या पदांना संस्कृत नांवें दिलीं. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापति. महाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखालीं 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यांत दहा वर्ग आहेत, आणि त्यांतील एक वर्ग खास लेखनाचा आहे. कचेरीची भाषा राजाज्ञेनें ठरवितां येते, ही गोष्ट मराठी माणसानें सतराव्या शतकांतच करून दाखविली. ती शब्दांपुरती झाली. मानाच्या पायऱ्यांना मात्र कोणी हात लावला नाहीं.

या पायऱ्या पेशवाईच्या दफ्तरांत पूर्णत्वाला पोंचल्या. पत्रलेखनाचीं अशीं टांचणें जुनींच होतीं. यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्या नांवावर 'मेस्तक' सांगितलें जातें, तें याच जातीचें. मोठ्यास 'श्रीमंत', 'स्वामींचे सेवेसी'; बरोबरीच्यास 'राजमान्य राजश्री'; सरदारास 'अखंडित लक्ष्मी अलंकृत'; विद्वान ब्राह्मणास 'वेदमूर्ति'; वडिलांस 'तीर्थरूप'; धाकट्यास 'चिरंजीव'; सुवासिनीस 'सौभाग्यवती' आणि विधवेस 'गंगाभागीरथी'. येथेंच ती हरवलेली विनयभाषा सांपडते. वरच्यानें लिहिलें तर तो 'आज्ञा करतो', खालच्यानें लिहिलें तर तो 'विनंति करतो'. वरच्याच्या कानीं गोष्ट घालावयाची ती 'श्रुत' करावयाची. 'ओश्शारु' आणि 'मोउसु' यांची जोडी मराठी कारकुनाला अपरिचित नव्हती. ती त्याच्या बोरूच्या टोंकावर होती.

या मायन्यांत नुसतें पद नव्हतें. वय आणि जातहि होती. मराठा सरदार ब्राह्मण पेशव्याला 'दंडवत' लिही, आणि पेशवा त्याला 'आशीर्वाद' लिही. पण तोच पेशवा छत्रपतींना लिहितांना 'विनंति सेवक' होई. त्याच्या मुद्रेंतहि छत्रपति शाहू महाराजांचें नांव आधीं, आणि मुख्य प्रधान म्हणून त्याचें स्वतःचें मागाहून. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर सत्ता साताऱ्याहून पुण्यास उतरली, तरी मायना साताऱ्यासच राहिला. सत्ता हलते तितक्या लौकर मान हलत नाहीं. म्हणूनच दफ्तराचे कागद वाचणारास मायन्यावर विसंबून चालत नाहीं, आणि मायना टाळूनहि चालत नाहीं.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण महादजी शिंदे यांचें. त्यांचा वाडा पारनेर तालुक्यांतल्याच जामगांवीं आहे, आणि याच जिल्ह्यांतील श्रीगोंदें शिंद्यांच्या घराण्याशीं जोडलेलें आहे. १७९२ सालीं ते उत्तरेंतून पुण्यास आले, तेव्हां दिल्लीचा बादशहा त्यांच्या हातांत होता आणि त्यांच्या कवायती फौजेसारखी फौज हिंदुस्थानांत थोड्यांजवळ होती. पेशव्यासाठीं ते 'वकील-इ-मुत्लक' या पदाचीं बादशाही वस्त्रें घेऊन आले होते. ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत त्या भेटीची हकीकत दिली आहे. महादजी सर्व मानकऱ्यांच्या खालीं जाऊन उभे राहिले, आणि कांखेंतील गांठोड्यांतून नवे जोडे काढून त्यांनीं तरुण सवाई माधवरावांपुढें ठेविले. बापाचा धंदा तोच आपला, असें म्हणून जुने जोडे त्यांनीं कापडांत गुंडाळून घेतले. ते स्वतःला पाटील म्हणवीत. हा केंजोगोचा मराठी प्रयोग होय. आणि पाहणाऱ्या कारभाऱ्यांपैकीं एकालाहि त्यांतून महादजींचें बळ कमी आहे असें वाटलें नसेल. विनयाची भाषा बलवानाच्या तोंडीं शस्त्र होते. दुबळ्याच्या तोंडीं मात्र ती सक्ती असते.

या सक्तीची बाजू झांकून हा इतिहास सांगतां येत नाहीं. चढणीच्या वरच्या टोंकाला 'श्रीमंत' होते, तसे खालच्या टोंकाला ज्यांना मायनाच नव्हता असे लोक होते. महाराला 'जोहार' घालावा लागे. आणि तो वयानें कितीहि वडील असला तरी पाटलाच्या पोरानें त्याला 'तूं' म्हणावें, अशी गांवची रीत होती. त्याचें नांव रामराव होत नसे. तें राम्यावरच थांबे. तो गांवच्या कामांतला एक कामगारच होता. वेशीची राखण, सरकारी टपाल, शिवेच्या तंट्यांत साक्ष हीं कामें त्याच्याकडे होतीं. तेव्हां हा अपमान कामाच्या जागेचाच अपमान होता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापून या उतरंडीला हात घातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळींत 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला. अभिवादनाचा एक शब्द बदलण्यासाठीं लोकांनीं मार खाल्ला, बहिष्कार सोसले. यावरून आदराची भाषा ही केवळ शिष्टाचाराची बाब आहे असें म्हणणाऱ्याचें समाधान व्हावें.

१८१८ नंतर पेशवाईच्या कचेऱ्या कंपनी सरकारच्या झाल्या. तेव्हां मायना मोडला नाहीं. त्यानें दुसरा अंगरखा घातला. 'मेहेरबान साहेब यांचे सेवेशीं' असा अर्ज सुरू होई, आणि इंग्रज कारकुनाच्या 'आज्ञाधारक सेवक' या सहीचा तर्जुमा त्याच्या तळाशीं येई. 'राजमान्य राजश्री' आंखडून 'रा. रा.' झालें. वर रावसाहेब, रावबहादुर, खानबहादुर हे किताब चढले. मानाचा उगम आतां कलेक्टरच्या बंगल्यांत होता. उतार मात्र जुन्याच वाटेनें वाहत राहिला.

जपानांतहि याच सुमारापर्यंतचा इतिहास फारसा वेगळा नाहीं. १६०३ पासून १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्याचा अंमल होता. सामुराई, शेतकरी, कारागीर आणि व्यापारी अशी जन्मानें ठरणारी उतरंड होती. मुलांना पत्राचे मायने घटवून शिकविणारीं 'ओराइमोनो' नांवाचीं पुस्तकें होतीं. पत्रांची भाषाहि निराळी, 'सोरोबुन' नांवाची. आणि ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली. १५९० सालीं युरोपांतून गोव्याच्या मार्गानें जपानांत छापखाना गेला. जेझुइट पाद्री जुआंव रोद्रिगेश यानें जपानी भाषेचें मोठें व्याकरण लिहून १६०४ ते १६०८ या वर्षांत नागासाकीस छापलें. त्यांत त्याला मानाच्या रूपांसाठीं बरीच जागा खर्चावी लागली. परक्या माणसाला त्या भाषेंत पहिली ठेंच येथेंच लागते, हें चारशें वर्षांपूर्वींहि खरें होतें. १८६८ नंतर मेजी सरकारनें जन्माची उतरंड कायद्यानें मोडली, आणि १८७५ सालीं प्रत्येकाला आडनांव घेणें सक्तीचें केलें. पण नवें सरदारमंडळहि त्याच सरकारनें उभें केलें.

यानंतर दोन्ही देशांची वाट थोड्याच वर्षांच्या अंतरानें एका वळणावर आली. ३ मे १९४७ रोजीं जपानची नवी राज्यघटना अमलांत आली आणि १४ व्या कलमानें सरदारकी संपली. २६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अमलांत आली; १७ व्या कलमानें अस्पृश्यता गेली आणि १८ व्या कलमानें किताब गेले. रावबहादुर आणि जपानी उमराव एकाच पिढींत इतिहासजमा झाले. येथवर जोडी सारखी आहे. फरक पडला तो पुढच्या पावलांत.

१९५२ सालीं जपानच्या राष्ट्रभाषा परिषदेनें 'कोरे कारा नो केइगो', म्हणजे 'यापुढील आदरभाषा', असा एक छोटा आराखडा शिक्षणमंत्र्यांपुढें ठेविला. त्याचा मुद्दा थोडक्यांत असा. जुनी आदरभाषा वरच्या-खालच्या नात्यावर उभी होती. यापुढें ती माणसानें माणसाचा राखलेला परस्पर मान या पायावर उभी राहावी. मग बारीक सूचना : नांवापुढें सर्वांना 'सान' पुरे, 'सामा' हें पत्रांपुरतें आणि औपचारिक प्रसंगापुरतें, 'तुम्ही' या अर्थीं 'आनाता' सर्वसामान्य धरावें, संभाषणाचा पाया 'देसु-मासु' असावा, शब्दांआधीं उगाच 'ओ' चिकटवून गोडवा वाढवूं नये. आराखडा म्हणजे कायदा नव्हे. जपानी कचेरींत वरिष्ठ माणूस खालच्याशीं आजहि साध्या रूपांत बोलतो, आणि 'आनाता' तर वरिष्ठाला कोणी म्हणत नाहीं. तरी नव्या राज्यांत माणसानें माणसाला काय म्हणावें, हा प्रश्न एका देशानें उघडपणें टेबलावर घेतला.

महाराष्ट्रानें काय केलें? १९६० सालीं राज्य झालें, भाषा संचालनालय निघालें, आणि १९६२ सालीं 'पदनाम कोश' प्रसिद्ध झाला. पुढें महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला. राजव्यवहारकोशाचीच ही परंपरा. पदांना मराठी नांवें मिळालीं, कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला. लिहिण्यांत एक चांगली गोष्ट हळूहळू घडली : 'रा. रा.' मागें पडलें, आणि 'श्री.' व 'श्रीमती' हीं सर्वांच्या नांवामागें सारखीं लागूं लागलीं. पत्रावरून आतां जात ओळखतां येत नाहीं, आणि विधवेला 'गंगाभागीरथी' म्हणून वेगळें काढलें जात नाहीं. 'सान' या प्रत्ययानें जें साधलें, तें मराठींत 'श्री.' नें साधलें. पण हें कागदावर. बोलण्यांतील तूं आणि तुम्ही यांना ना राजव्यवहारकोशानें हात लावला, ना पदनाम कोशानें. म्हणून पन्नाशीच्या शिपायाला पंचविशींतला अधिकारी 'तूं' म्हणतांना अजून ऐकूं येतो, आणि त्यांत कांहीं चुकलें असें पुष्कळांना वाटत नाहीं.

जपानी कामाच्या जागेंतील केइगो पाहतांना ही तुलना ध्यानांत ठेवावी. २००७ सालीं तेथील सांस्कृतिक परिषदेनें 'केइगो नो शिशिन' नांवाची मार्गदर्शिका काढली. तिनें रूपांच्या तीन जातींच्या ऐवजीं पांच जाती केल्या, आणि परस्पर मान हाच पाया पुन्हा सांगितला. दर वर्षीं एप्रिलांत नोकरीस लागणाऱ्या जपानी तरुणांनाहि हीं रूपें नव्यानें शिकवावीं लागतात. तीं त्यांना आईच्या दुधाबरोबर येत नाहींत. केडगांवच्या मुलाला ४९ वा धडा जड गेला, तर त्यानें शरमण्याचें कारण नाहीं.

पण रूपें पाठ झालीं म्हणजे काम झालें, असें नव्हे. जपानी कचेऱ्यांत 'होरेनसो' नांवाचा एक पाठ आहे. 'होकोकु' म्हणजे वर खबर देणें, 'रेनराकु' म्हणजे बरोबरीच्यांना कळविणें, आणि 'सोदान' म्हणजे सल्ला घेणें. तिन्हींचीं आद्याक्षरें मिळून पालकाच्या भाजीचें जपानी नांव होतें. १९८२ सालीं यामाताने या शेअरदलाली पेढीचे प्रमुख तोमिजी यामाझाकी यांनीं ही मोहीम आपल्या पेढींत सुरू केली, आणि तेथून ती देशभर पसरली. टोयोटाच्या कारखान्यांत तर दोष दिसतांच साध्या कामगारानें दोरी ओढून वरिष्ठांना बोलवावें, आणि गरज पडल्यास सारी रांग थांबवावी, अशी रीत आहे. चूक झांकूं नये, ती वेळेवर वर पोंचवावी, हें या साऱ्याचें सार. विनयाचें क्रियापद येथें मान लववून गप्प बसण्यासाठीं नसतें. कडू गोष्ट वरच्याच्या कानीं घालण्याची ती सोय असते.

मराठी दफ्तराचा उत्तम काळहि हेंच सांगतो. उत्तरेंतील वकिलांचीं आणि मामलेदारांचीं पत्रें पाहावींत. मायना भरघोस, 'कृतानेक साष्टांग नमस्कार' यथासांग, आणि त्याखालीं फौजेचा पगार थकला, सावकार कर्ज देईना, अमका सरदार फितला, अशा खबरा. विनयाच्या त्या आडपडद्यानें कारकुनाची मान वांचे आणि धन्यापर्यंत खरें पोंचे. जेथें मायना उरला आणि खबर आटली, तेथें दरबारहि आटला.

तेव्हां आदरभाषा जुनी आहे कीं नवी, जपानी आहे कीं मराठी, हा खरा प्रश्न नव्हे. तिच्या दोनच कसोट्या आहेत. पहिली ही कीं, ती कामावरच्या शेवटच्या माणसाला मिळते कीं नाहीं. जी भाषा वर चढतांना 'आपण' म्हणते आणि खालीं उतरतांना 'तूं' म्हणते, तिच्यांत 'जोहार' अजून जिवंत आहे. दुसरी ही कीं, तिच्या आश्रयानें लहान माणसाला मोठ्याजवळ खरें बोलतां येतें कीं नाहीं. पहिल्या कसोटीला जुनें मराठी दफ्तर उतरलें नाहीं. दुसरीला तें चांगल्या दिवसांत उतरलें. जपानची कचेरीहि दोन्हींना पूर्णपणें उतरते असें नाहीं. पण त्या कसोट्या तिनें लिहून ठेवल्या आहेत. 'सान' लावतांना जो तरुण यंत्रावरच्या मदतनिसालाहि तो लावील, आणि घरीं परतल्यावर शिपायाला 'अहो' म्हणेल, त्यानें ५० धड्यांच्या पुढचा धडा शिकून घेतला असें समजावें.